डावी उंबळ

सुनंदा, नारायणगुडा. छाती अडतीस. उंची साडेचौदा. गळा पुढे सहा, मागे आठ. हुक पुढे. बाही डावी पाऊण इंच सैल. डावी उंबळ. अस्तर डावीकडे दुहेरी, काखेकडे उघडं. राळे दीड वाटी. मापाला दिला नाही. मीच.

एवढंच.

त्रिवेणी हे आठव्यांदा वाचते. एक शब्द अडतो. नाही, दोन. राळेही कळत नाही. पण राळे शेवटाकडे आहे, त्याच्यावाचून ब्लाऊज अडणार नाही असं वाटतं. उंबळ मात्र ऐन मध्ये बसलीय. तिच्यावरून उडी मारता येत नाही.

वही आईची. आई म्हणजे गंगू, हैदराबादेत सुलतान बाजारच्या आतल्या गल्लीत अकरा पायऱ्या चढून गेल्यावर सात बाय दहाचं दुकान लागतं, तिथे सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवणारी. तीन महिन्यांपूर्वी दुपारी चहाला बसली आणि कप खाली ठेवायच्या आधीच गेली. काही सांगून जायला वेळ मिळाला नाही. दुकान राहिलं. दोन मशिनी राहिल्या. दुसऱ्या मशिनीवरचे अप्पाराव मास्टर राहिले. आणि वह्या.

त्रिवेणीला शिलाई येते. कटिंग येतं. वही येत नाही.

म्हणजे अक्षरं येतात. शाळेत हिंदी होतं, तीच अक्षरं. पण शाळा इंग्लिश मीडियमची, शेजार तेलुगू, बाजार दखनी, आणि मराठी फक्त घरात, ताटं वाढताना. ताटावर कुणी उंबळ म्हणत नाही.

टेबलावर कापड आहे. नारायणपेठी रेशीम, वांग्याच्या रंगाचं, साडीतूनच कापून दिलेला ब्लाऊजपीस. ऐंशी सेंटिमीटर. चुकलं तर दुसरं नाही. रविवारी लग्न आहे, सुनंदाकाकूंच्या संदेशचं. आज बुधवार.

ती कात्री उचलते. ठेवते. खिडकीशी जाते. येते.

*

काल काय झालं ते असं.

“माप घ्यायचं ना काकू? या आत, पडदा ओढते.”

“माप कशाला? वहीत आहे.”

“आहे हो, पण दीड वर्षाचं जुनं आहे ते. नाही तर एखादा जुना ब्लाऊज आणून द्या मापाला. सगळ्याच देतात.”

“मी नाही देत.” सुनंदाकाकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मे महिन्यात. “गंगूताईंनी कधी मागितला नाही. तुला त्यांनी काही सांगितलं नाही का?”

“सांगितलं की,” त्रिवेणी म्हणाली.

का म्हणाली? काकू उठून जातील म्हणून. तीन महिन्यांत चौदा बायका उठून गेल्या होत्या. कुणी म्हणालं गंगूबाईंचा हात वेगळा, कुणी काहीच म्हणालं नाही, नुसतं कापड परत मागितलं.

“मग झालं तर.” काकू पायऱ्या उतरल्या, तीन-चार, आणि परत वर आल्या. “तूच शिवणार ना? मास्टर नाही ना?”

हे मास्टरांच्या समोर. मास्टरांनी मान वर केली नाही. पण मशीन थांबली.

“मीच शिवणार काकू.”

*

अर्थ एक.

“मास्टर, उंबळ क्या होता?”

“मेरेकू नै मालूम अम्मा. वो सिलाई मेरेकू कब्बी दिये नै. अकेले सीते थे. पर्दा डालके.”

“बीस साल बाजू में बैठे ना तुम?”

“बाजू में बैठा. पर्दे के अंदर नै बैठा.”

“और राळे?”

हे मास्टरांना माहीत होतं. राळे म्हणजे कोर्रलु. ते उठले आणि फॉलच्या गुंडाळ्यांमागून स्टीलचा डबा काढला. आत एक छोटी वाटी आणि तळाशी मूठभर बारीक पिवळे दाणे.

“इतनेइच?”

“भरा था. चिड्यों के वास्ते रखते थे.”

“आई चिमण्यांना घालायची?”

“मैं देखा नै कब्बी. मैं समझा चिड्यों के वास्ते. दुकान में और किसके वास्ते रखते? तीन महिने से कबूतरों कू डाल रा मैं. मरने वाले का मन था बोलके.”

तर राळे म्हणजे धान्य. शिवणाच्या वहीत धान्य. घरी जाताना घ्यायचं म्हणून आईने मध्येच टिपलं असेल. तिला सवय होतीच, हाताला लागेल त्या कागदावर लिहायची.

त्रिवेणी राळ्यावर पेन्सिलीने रेघ मारते. किराणा. बाजूला.

*

अर्थ दोन.

घराच्या वरच्या मजल्यावर स्नेहा राहते. पुण्याची. ती आणि नवरा कौस्तुभ दोघंही आयटीत, दोघंही घरूनच काम करतात, वर्षभर झालं येऊन. स्नेहाला मराठी वाचायला येतं म्हणजे किती येतं तर ती जाड पुस्तकं आडवी पडून वाचते.

बुधवारी संध्याकाळी त्रिवेणी वही घेऊन वर गेली.

“उंबळ,” स्नेहा म्हणाली. “उंबळ. उंबर? उंबरा? उमाळा?” फोनवर शोधलं. “काहीच येत नाहीये. अगं, काय मस्त शब्द आहे हा! तुझी आई कुठली?”

“देगलूरकडची.”

“मग तिकडचा असणार. थांब, डोकं लावू. आजूबाजूचं वाच. आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं. शब्द अडला की थांबायचं नाही, शेजारच्यांना विचारायचं.”

वहीत उंबळ पाच ठिकाणी सापडली. पाच बायका. एक या सुनंदाकाकू. एक भामा, सुलतान बाजार. एक कोठीची, एक काचीगुड्याची, आणि एक जिचं नावच लिहिलेलं नव्हतं, फक्त “टीचर”.

“डावी, उजवी, डावी, डावी, उजवी,” स्नेहाने मोजलं. “म्हणजे जी गोष्ट दोन असते ती. डोळा, कान, हात, पाय…”

“ब्लाऊजला पाय?”

“खांदा! त्रिवेणी, खांदा. बाही त्याच बाजूला सैल लिहिलीय बघ, पाचही वेळा. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो ना? पर्स लावून लावून माझाच आहे. मग त्या बाजूला आतून पॅड घालत असणार. उंबळ म्हणजे खांद्याची गादी!”

बसतंय. सगळं बसतंय. त्रिवेणीला एकदम भूक लागली. काकू माप देत नाहीत कारण उतरलेल्या खांद्याची लाज वाटते. मास्टर नको कारण तेच. बरोबर.

“फोटो काढू का गं पानाचा?” स्नेहा म्हणाली. “आईला पाठवते. ती मराठीची शिक्षिका होती.”

“हौ, काढ की.”

*

गुरुवार. सकाळ. दुकान.

कापडावर अस्तर, अस्तरावर खडू. डावा खांदा अर्धा इंच वर. रेघ सुरेख आली. कात्री घेतली, पात्यात कापड धरलं, आणि

काखेकडे उघडं.

कात्री थांबली.

खांद्याला गादी घालायची तर गादी शिवून टाकतात. मग अस्तर दुहेरी कशाला? तेही पार छातीपर्यंत? आणि काखेकडे उघडं कशाला ठेवायचं? जी बाई ब्लाऊजच्या आत एक सुटा दोरा दिसला तर हातातलं जेवण ठेवून तो कापायची, ती एक अख्खी शिवण उघडी ठेवते? पाच वेळा?

खोडलं. खांदा खोडला. खडू ओल्या फडक्याने पुसला, डाग राहिला, बरं की अस्तरावरच राहिला.

मग शेजारच्या शब्दांना सोडून शेजारची वर्षं. जुन्या वह्या खाली काढल्या. भामा आठ वर्षांपूर्वीही आहे. भामा, हुक मागे, बाही दोन्ही सारख्या, माप ब्लाऊज मिळाला. उंबळ नाही. पुढच्या वर्षी आहे, तसंच. त्याच्या पुढे सव्वा वर्ष भामा नाहीच. आणि मग एकदम: हुक पुढे. बाही उजवी एक इंच सैल. उजवी उंबळ.

सुनंदाकाकू? तसंच. आधी हुक मागे. मग दीड वर्ष कोरं. मग हुक पुढे, डावी उंबळ.

टीचरचंही तेच. पाचही जणींचं तेच. आधी साध्या. मग मोकळी जागा. मग उंबळ.

म्हणजे उंबळ जन्मापासून नसते. येते. त्या कोऱ्या पानांमध्ये काहीतरी होतं आणि बाई परत येते ती उंबळ घेऊन, आणि मग तिचा हात मागे हुकापर्यंत पोचत नाही.

काय होतं?

त्रिवेणी बसली. उठली. मास्टर म्हणाले, “अम्मा, एक जगे बैठो ना, मेरा धागा टूट रा.” तिने वही काखेत मारली आणि खाली उतरली.

*

भामा सुलतान बाजारच्या तोंडाशी बसते, एका जिन्याखाली. हुक, लेस, पिना, सुया, नाडीची बंडलं. साठीची बाई, आवाज असा की ऑटोवाले हॉर्न थांबवून ऐकतात.

“मावशी, मी गंगूबाईंची त्रिवेणी.”

“वळखलं की. तिचंच नाक. हुक पायजेत?”

“नाही. आईच्या वहीत तुमचं नाव आहे.”

“असंल. माझं नाव पोलीस ठाण्यातबी हाय.”

“उंबळ म्हणजे काय?”

“काय?”

“उंबळ. उं-ब-ळ.”

“खातेत का ते?”

भामालाही माहीत नाही. ज्या बाईच्या नावापुढे शब्द लिहिलाय तिलाच माहीत नाही. मागे बस, पुढे दोन बायका लेस बघतायत, कुणीतरी आंब्यांचा भाव ओरडतंय. तिने वही उघडली आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर आवाज काढून, बोट ठेवत ठेवत, लहान मुलासारखं वाचलं:

“भामा, सुलतान बाजार. छाती चाळीस. हुक पुढे. उजवी उंबळ. अस्तर उजवीकडे दुहेरी, काखेकडे उघडं. राळे दोन वा—”

पानावर हात पडला. पसरलेला, जाड, बांगड्यांसकट.

“गप.”

लेस बघणाऱ्या बायकांनी वर पाहिलं.

“ह्यो लेस पंधराचा मीटर, ताई. घेणार असला तर घ्या, न्हाय तर ऊन लागतंय मला.” बायका गेल्या. भामाचा हात पानावरच. “बाजारात वाचतीस व्हय गं ते? आँ? गंगीची पोर तू?”

“मावशी, मला खरंच माहीत नाही. रविवारी एकीचं… मला शिवायचंय. तिला विचारता येत नाही.”

भामाने तिच्याकडे पाहिलं. मग इकडेतिकडे. मग डावा हात उचलून आपल्याच उजव्या छातीवर ठेवला आणि उशी दाबतात तसा दाबला. आतून दाणे सरकल्याचा आवाज झाला, अगदी बारीक.

“ह्यात हायेत तुझे राळे.”

बस गेली. दुसरी आली.

“आपरेशन झालं,” भामा म्हणाली, आता इतक्या हळू की त्रिवेणीला वाकावं लागलं. “घरी आले ती एका अंगानं. चार दुकानं फिरले ब्लाऊज शिवाया. टेपवाल्यानं टेप घेतला अन् अर्ध्यात थांबला, अन् म्हणला, बाई, उद्या या. चारीबी जण. उद्या या. मग गंगीकडं गेले. तिनं काय इचारलं न्हाय. आधी कापसाचं करून दिलं. ते हलकं. हात वर केला की ब्लाऊज वर आन् कापूस गळ्यापाशी. मी हसून हसून मेले, ती बी. मग म्हणली, वजन पायजे. राळे भरले पिशवीत. काखेकडनं आत सरकवायची, रात्री काढून ठिवायची. हातात दिली अन् म्हणली, बघ, त्या बाजूएवढी जड हाय का?”

“तिने मला कधीच सांगितलं नाही.”

“सांगनारच न्हाय. मीच म्हणले होते, तुझ्या पोरीलाबी सांगायची न्हाय. ती वहीत काय लिवायची मला काय ठावं. वाचाया येतंय कुनाला.” भामाने पानावरचा हात काढला. “त्यो शबुद काय म्हणलीस?”

“उंबळ.”

“कधी ऐकला न्हाय. तिनंच केला असंल.”

*

अर्थ तीन. खोडायचा नाही.

उंबळ: अस्तराच्या आतली पिशवी. राळ्यांनी भरलेली. एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूएवढी जड.

त्रिवेणी गर्दीतून परत निघाली आणि चालता चालता पाचही नोंदी एकामागून एक आपोआप उघडत गेल्या. ऑपरेशननंतर सुजलेला हात म्हणून बाही सैल. हात मागे जात नाही म्हणून हुक पुढे. पिशवी आतून दिसू नये म्हणून मापाला ब्लाऊज नाही. पेन्सिलीची रेघ पुसायला पाहिजे. किराणा नाही तो.

मग आठवलं.

फोटो.

ती बांगड्यांच्या दुकानासमोर थांबली. मागून एक माणूस येऊन आदळला. “क्या अम्मा, बीच रस्ते में!” फोन काढला. स्नेहाचा निरोप काल रात्रीचा होता, न पाहिलेला: आईला नाही कळलं गं, म्हणून कट्ट्यावर टाकलाय. बघ काय धमाल चाललीय!

कट्टा म्हणजे हैदराबादच्या मराठी लोकांचा गट. चारशे बारा माणसं. स्नेहानेच त्रिवेणीला त्यात घातलं होतं. तिने तो कधी उघडला नव्हता, कारण वाचायला वेळ लागतो. आता उघडला. वर आईचं अक्षर. सुनंदा, नारायणगुडा, डावी उंबळ, सगळंच्या सगळं.

खाली:

— उंबळ म्हणजे उंबराची साल असावी. पूर्वी रंगासाठी वापरत.

— ब्लाऊजला साल? काहीही!

— शब्द कानडी वळणाचा वाटतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— राळे म्हणजे ओटीचे असणार. देवीच्या ओटीचा ब्लाऊज आहे हा.

— ‘काखेकडे उघडं’? तेव्हाही फॅशन जोरात होती म्हणायची.

— एकाच बाजूला दुहेरी अस्तर का बरं असेल? विचार करण्यासारखं आहे.

— नारायणगुड्याच्या कोणत्या सुनंदा? आमच्या बिल्डिंगमध्ये एक आहेत. विचारू का त्यांना?

शेवटचा निरोप चाळीस मिनिटांपूर्वीचा.

“स्नेहा, काढ ते.”

“अगं, मीटिंगमध्ये आहे. काय काढू?”

“फोटो. कट्ट्यावरचा. आत्ता काढ.”

“का गं? किती छान उत्तरं येतायत. आणि मी तुला विचारूनच…”

“फोटोला हौ म्हटलं. कट्ट्याला हौ म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं असतं तरी आता नक्को म्हणते. काढ.”

“अर्थ कळला का?”

किती सोपं होतं सांगणं. दोन वाक्यं. स्नेहाला वाईट वाटलं असतं, तिने माफी मागितली असती, कुणाला सांगितलं नसतं, फक्त कौस्तुभला.

“नाही कळला. आईची काहीतरी चूक असणार. शब्दच नाहीये तो.”

“मग इतकी चिडतेस कशाला?”

“स्नेहा, फोन चालू ठेव आणि काढ. मी थांबलेय.”

टकटक. “काढला.” आवाज दुखावलेला. “झालं?”

झालं नव्हतं. पाच मिनिटांत कट्ट्यावर: पोस्ट का काढली? मग दुसरा: अहो उत्तर काय होतं? मग तिसरा, त्याने सगळी नोंद स्वतःच पुन्हा टाइप करून टाकली होती, नाव सोडून: ज्यांची हुकली त्यांच्यासाठी.

*

कोठी भागात एका किराणावाल्याकडे कोर्रलु मिळाले. “डायबिटीस क्या घर में?” त्याने विचारलं. “हौ,” ती म्हणाली. आज किती खोटं बोलायचं याला काही सुमार राहिला नव्हता.

दुपारभर पडदा ओढून बसली. रेशमाला हात लावला नाही. आधी अस्तराचा कच्चा ब्लाऊज, त्यात कप्पा, काखेकडे उघडा. मग पिशवी. पहिली सपाट झाली, भाकरीसारखी. दुसरी टोकाला गोळा व्हायची. तिसऱ्या वेळी तिने सहा कळ्या, टोकाकडे निमुळते तुकडे, कापून जोडल्या आणि दाणे भरले, डब्यातल्याच वाटीने, दीड. हातात धरली. दुसऱ्या हातात काय धरायचं ते कळेना. शेवटी स्वतःचं.

पडद्याबाहेर मास्टर काही विचारत नव्हते. वीस वर्षांचा सराव.

*

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सुनंदाकाकू आल्या. बसल्या नाहीत.

“पीस दे माझा.”

“काकू—”

“कापलं असलंस तरी दे. तसंच दे.”

“मास्टर,” त्रिवेणी म्हणाली, “चाय पीके आओ.”

“अब्बीच पिया ना अम्मा.”

“और एक पियो.”

मास्टर उठले, चपला घातल्या, उतरले. काकू पायऱ्यांवरचा आवाज संपेपर्यंत थांबल्या.

“माझ्या जावेने वाचून दाखवलं काल. मोठ्याने. स्वयंपाकघरात, सगळ्या पाहुण्यांसमोर. ‘सुनंदावहिनी, तुमचं नाव आलंय कट्ट्यावर!’ म्हणून. गंगूताईंचं अक्षर. मी पदर सावरला आणि म्हटलं, असतील दुसऱ्या कुणी. सुनंदा काय एकच आहे?” त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. “तो शब्द मला नव्हता माहीत. पण बाकीचं वाचलं ना तिने, बाही, हुक, राळे, तेव्हा कळलं की हे माझंच. घरात कुणाला माहीत नाही. मिस्टरांना आणि संदेशला सोडून. तू म्हणालीस, आईने सांगितलंय.”

“खोटं बोलले.”

“का?”

“तुम्ही उठून गेला असता.”

खाली कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं, बराच वेळ, पीं पीं पीं.

त्रिवेणीने नारायणपेठीची घडी काढून टेबलावर ठेवली. अख्खी, न कापलेली. घडीवर कच्चा ब्लाऊज ठेवला, पिशवी आत घातलेला. आणि पडदा बाजूला करून धरला.

काकूंनी आधी घडी उचलली. पिशवीत टाकायला लागल्या. मग ब्लाऊजला बोट लावलं. कप्प्याची कड चाचपली, आतला दाणा चिमटीत धरून पाहिला. मग ब्लाऊज घेऊन पडद्यामागे गेल्या.

वेळ लागला. त्रिवेणीने तीन वेळा टाचण्यांची डबी उघडली आणि बंद केली.

“जड आहे,” आतून आवाज आला.

“दीड वाटी आहे काकू. वहीतल्यासारखी.”

“तेव्हापासून बारीक झालेय मी. दोन्हीकडून.” थांबून: “पाव वाटी कमी कर. आणि कड काखेत टोचतेय. गंगूताई पट्टी उलटी लावायच्या.”

“उलटी म्हणजे?”

“ये आत. दाखवते.”

त्रिवेणी आत गेली. काकूंनी हात वर केला, डावा, जेवढा जात होता तेवढा, आणि व्रण दिसला, लांब, फिकट, शिवणीसारखा नीट नाही. त्रिवेणीने पट्टी टाचणीने उलटी लावली. काकूंनी दोन्ही हात हलवून पाहिले, अक्षता टाकल्यासारखे. एकदा. दोनदा. ब्लाऊज जागेवर राहिला.

फोन टेबलावर थरथरला. मग पुन्हा.

“कट्टा?” काकूंनी विचारलं.

“हौ. अजून विचारतायत.”

“वाच.”

“काकू, नको.”

“वाच म्हणते ना.”

त्रिवेणीने फोन आत आणून बोट ठेवत वाचलं. “ ‘एकाच बाजूला अस्तर, उघडी शिवण, सैल बाही. माझी मिसेस डॉक्टर आहे, तिला दाखवतो संध्याकाळी. ती सांगेल.’ ”

पडद्याच्या आत दोघी उभ्या. उकाडा.

“हे सोडणार नाहीत,” काकू म्हणाल्या. “गप्प बसलं तर आणखीनच विचार करतील. उत्तर दे त्यांना.”

“काय उत्तर?”

“काहीही दे. एकदा उत्तर मिळालं की झोपतील. लिही. उंबळ म्हणजे… गळ्याची नक्षी.”

“डावी उंबळ आहे काकू.”

“डावीकडून सुरू होणारी.”

“आणि दुहेरी अस्तर?”

“नक्षीचे टाके आतून टोचू नयेत म्हणून.”

“काखेकडे उघडं?”

“दोरा ओढायला जागा. तू शिवतेस का मी?”

“आणि राळे दीड वाटी?”

काकू अडल्या. मग म्हणाल्या, “टाक्यात दाणे भरायचे. उठाव यायला. हौसेच्या बायका करायच्या पूर्वी.”

“कुणी विश्वास ठेवेल का?”

“पूर्वी म्हटलं की ठेवतात.”

त्रिवेणीने टाइप केलं. तिला वेळ लागला. ‘नक्षी’ तिसऱ्या प्रयत्नात आलं. खाली लिहिलं: गंगूबाईंची मुलगी. आईने सांगितलेलं. पाठवलं.

मिनिटभर काही नाही. मग एक. मग एकदम सहा.

“ ‘वा!’ ” काकूंनी स्वतःच फोन घेऊन वाचायला सुरुवात केली, चष्मा नसल्यामुळे लांब धरून. “ ‘अप्रतिम माहिती.’ ‘किती समृद्ध होतो आपण.’ हे बघ, हे बघ, डॉक्टरणीचा नवरा. ‘बरोबर! आमच्या आत्याच्या ब्लाऊजला उंबळ असायची. मी लहानपणी पाहिली आहे. आता ती कला राहिली नाही.’ ”

त्यांनी फोन खाली केला. आधी खांदे हलले. मग पोट. मग त्या हसायला लागल्या, तोंडावर पदर दाबून, आणि आतले दाणेही खुळखुळले, आणि ते ऐकून त्या आणखीनच हसल्या. “पाहिली आहे म्हणतो! आत्याची!”

“काकू, हलू नका, टाचणी आहे.”

“टोचलीच गं.”

फोन पुन्हा थरथरला. हा निरोप कट्ट्यावर नव्हता, एकटीला आला होता. नंबर अनोळखी. कुणीतरी बाई. त्रिवेणीने वाचला. पुन्हा वाचला. मग काकूंच्या पुढे धरला.

— तुम्ही लिहिलंय ते गळ्याचं नसावं असं मला वाटतं. माझी उजवी आहे. शिवून मिळेल का?

काकूंनी चष्म्यासाठी नाकावर बोट नेलं, चष्मा नव्हताच. ओळ लांब धरून संपवली. आता हसू नव्हतं.

“काय लिहू?” त्रिवेणीने विचारलं.

“मिळेल म्हण. आणि नाव विचारू नकोस.”

“वहीत काय लिहायचं मग?”

“ते तुझं तू बघ.” काकूंनी हुक काढायला घेतले, वरून खाली. “सोमवारी बोलाव तिला. आधी माझं काप.”